डॉ. गिल्डर : हृदयाचे वैद्य आणि दारूबंदीचे मंत्री

१ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. हें काम ज्या खात्याकडे होतें त्या खात्याचे मंत्री डॉ. मंचरशा धनजीभाई गिल्डर हे हृदयविकारांचे नामांकित वैद्य होते, आणि जातीनें पारशी होते. यांतील पहिली गोष्ट पुष्कळांना समाधानाची वाटली. दारूनें शरीराची काय दशा होते हें वैद्याइतकें दुसरा कोण जाणणार? दुसरी गोष्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या समाजाला झोंबली. दारूच्या व्यापारांत पारशांचा पैसा गुंतलेला होता, शेंकडों पारशी कुटुंबांचें पोट त्यावर चालत होतें, आणि तो व्यापार बंद पाडण्याचें काम एका पारशाच्याच हातून होत होतें. डॉक्टरांची सार्वजनिक कारकीर्द समजून घ्यावयाची तर आधीं हा धंदा समजून घेतला पाहिजे. आणि त्यासाठीं मुंबईबाहेर फार दूर जावयास नको, ठाणें जिल्ह्यांत डोकावलें म्हणजे पुरे आहे.

जुना ठाणें जिल्हा म्हणजे समुद्रकांठाला ताडामाडांच्या वाड्या आणि आंतल्या अंगास मोहाचें रान. ताड छेदून ताडी उतरावी, मोहाचीं फुलें आंबवून दारू गाळावी, ही विद्या येथील भंडाऱ्यांना किंवा वारली, कातकरी, ठाकूर या रानांतल्या लोकांना कोणीं शिकवावी लागली नव्हती. १८७८ सालीं मुंबई सरकारनें अबकारीचा नवा कायदा केला आणि या घरगुती विद्येचा एकदम गुन्हा झाला. ताडाच्या दर झाडावर भारी कर बसला. वसई-माहीम भागांतील भंडारी त्याविरुद्ध ओरड करीत राहिले. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडल्या, आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मोजक्या ठेकेदारांच्या हातीं गेला. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें तर कळस केला. ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांपुरता हा खास कायदा होता, आणि त्याअन्वयें झाडाखालीं आपोआप पडणारें मोहाचें फूल परवान्यावांचून गोळा करून साठविणें हाही अपराध ठरला. जें फूल वारल्याच्या पोटाला दुष्काळांत आधार देई, तें वेंचतांना त्याला शिपायाची भीति वाटूं लागली.

दारू त्यामुळें कमी झाली काय? मुळींच नाहीं. ती घरची होती ती दुकानची झाली, एवढाच फरक पडला. दुकानदार बहुशः पारशी असे. उरण येथील मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या, आणि डहाणू-उंबरगांवच्या आडरानांत पिठा चालविणारा, उधार देणारा, गवताचा व लांकडाचा ठेका घेणारा आणि अखेर जमिनीचा मालक होऊन बसणारा माणूस बऱ्याच ठिकाणीं एकच असे. कर्ज दारूचें, फेड मजुरीनें, आणि मजुरी पुन्हां दारूंत, असें हें चक्र होतें. सगळेच पारशी दुकानदार निर्दय होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच समाजानें धर्मशाळा, दवाखाने, शाळा यांसाठीं केलेला दानधर्म महाराष्ट्र जाणतो, आणि ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील जुनी अग्यारी ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना हा समाज येथला किती जुना रहिवासी आहे हें वेगळें सांगावयास नको. पण धंद्याचा स्वभाव धंदा करणाऱ्याच्या स्वभावाहून बळकट असतो.

या चक्राविरुद्ध पहिला उठाव काँग्रेसनें केला नाहीं, सरकारनें तर नाहींच नाहीं. १९२१-२२ च्या सुमारास पालघरकडील कोळी वस्त्यांतून एका देवीची वार्ता निघाली. देवी अंगांत येई आणि सांगे कीं दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, स्वच्छ राहा. ही लाट डहाणू-उंबरगांवहून वर चढत धरमपुरांत व सुरत जिल्ह्यांत पोंचली. तेथें तिला सलाबाई म्हणत. पुढें देवीच्या आज्ञेंत पारशी दुकानदाराच्या कामावर न जाण्याची शपथही आली. ज्यांना अडाणी म्हणून हिणवीत, त्यांनीं आपल्या दारिद्र्याचें निदान असें बिनचूक केलें होतें. हें निदान ध्यानांत ठेवूनच पुढील हकीकत पाहिली पाहिजे, कारण दारूबंदी म्हणजे शहरांतील सोवळ्या मंडळींचें खूळ, असें जें कोणी म्हणत त्यांना ठाणें जिल्हा ठाऊक नव्हता.

आतां पारशी समाजाकडे वळूं. १९४१ च्या शिरगणतींत सगळ्या हिंदुस्थानांत मिळून पारशी १ लाख १४ हजारांच्या आसपास होते. २०११ च्या शिरगणतींत ते ५७ हजारांवर आले. एवढ्याशा समाजानें दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांसारखीं माणसें राष्ट्रसभेच्या पहिल्या पिढीला दिलीं. परंतु गांधीयुग सुरू झाल्यावर या समाजांतील पुष्कळांचें मन राष्ट्रसभेविषयीं साशंक झालें. नोव्हेंबर १९२१ मध्यें युवराजांच्या स्वागतावरून मुंबईंत जे दंगे झाले त्यांत पारशांवर हल्ले झाले, दारूचीं दुकानें फोडलीं गेलीं, आणि गांधीजींना शांततेसाठीं उपोषण करावें लागलें. तो घाव भरला, पण व्रण राहिला.

त्यांत १९३७ सालीं दुसरें प्रकरण उपस्थित झालें. १९३५ च्या कायद्याप्रमाणें निवडणुका होऊन मुंबई प्रांतांत काँग्रेसला यश मिळालें, तेव्हां मुख्यमंत्री वीर नरीमन होणार असें पुष्कळांनीं धरून ठेविलें होतें. नरीमन पारशी, मुंबईच्या काँग्रेसचे पुढारी, कारावास भोगलेले. पण पक्षाच्या सभासदांनीं बाळासाहेब खेर यांना नेता निवडलें. नरीमन यांनीं वल्लभभाई पटेलांवर ठपका ठेविला, चौकशी झाली, आणि गांधीजी व बॅरिस्टर बहादुरजी या दोघांनीं निकाल नरीमन यांच्या विरुद्ध दिला. बहादुरजी स्वतः पारशी होते, म्हणून निकालावर जातीय पक्षपाताचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. तरी समाजाचें दुःख तर्कानें थोडेंच जातें! खेर मंत्रिमंडळानें जुलै १९३७ मध्यें सूत्रें घेतलीं तेव्हां त्यांत डॉ. गिल्डर होते, आणि सार्वजनिक आरोग्याबरोबर अबकारीचें खातें त्यांच्या वांट्याला आलें. पारशी गृहस्थाला मंत्रिपद दिलें, आणि त्याच हातानें पारशांच्या धंद्यावर सुरी ठेवावयास दिली, असें त्यांच्या जातभाईंपैकीं कांहींना वाटलें असल्यास नवल नाहीं.

मंत्री होण्यापूर्वींच डॉ. गिल्डर यांचें नांव वैद्यकांत गाजलेलें होतें. विलायतेची पदवी घेऊन आलेले, आणि हृदयाच्या रोगांकडे विशेष लक्ष पुरविणारे असे ते होते. त्या काळीं हृदयाचा खास वैद्य ही चीज आपल्याकडे दुर्मिळ होती. डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनीं हृदयाच्या स्पंदनांतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणारें यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीं बनविलें. त्याबद्दल त्यांना १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण यंत्र सांगेल तेवढेंच खरें, अशी आजची रीत तेव्हां नव्हती. नाडीवर बोट, छातीला नळी, रक्तदाबाचा पारा, आणि रोग्याजवळ बसून घेतलेली लांबलचक हकीकत यांवर निदान अवलंबून असे. १९३७-३८ सालीं गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हां मुंबईंत त्यांची प्रकृति पाहणाऱ्यांत डॉ. गिल्डर व डॉ. जीवराज मेहता होते. काँग्रेसच्या मंत्र्याला महिना पांचशें रुपयांहून अधिक वेतन घ्यावयाचें नाहीं, असा तेव्हां दंडक होता. चालता व्यवसाय असलेल्या डॉक्टरानें मंत्रिपद पत्करणें म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला करतां येईल.

वैद्यकांतून राजकारणांत येणारे डॉ. गिल्डर कांहीं एकटेच नव्हते. डॉ. अन्सारी, डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. जीवराज मेहता हे त्यांचे समकालीन. आणि त्याच १९३७ सालीं मुंबईच्या महापौरपदावर डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्राएली डॉक्टर निवडून आले होते. लहान समाजांतल्या माणसाला मोठ्या समाजांत विश्वास मिळवावयाचा असेल तर डॉक्टरचा दवाखाना ही उत्तम जागा आहे, असें दिसतें. तेथें कोणीही कोणाची जात विचारीत बसत नाहीं.

दारूबंदीची खरी अडचण नीतीची नव्हती, जमाखर्चाची होती. मुंबई प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारें चौथा हिस्सा अबकारीचा होता. शाळा, रस्ते, दवाखाने यांना लागणारा पैसा पिणाऱ्याच्या पेल्यांतून येत होता. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं तीन वर्षांत दारूबंदी पुरी करावी असा गांधीजींचा आग्रह होता. १९३८ सालीं अहमदाबादेस आरंभ झाला आणि पुढच्या वर्षीं मुंबईची पाळी आली. तूट भरून काढण्यासाठीं सरकारनें मुंबई व अहमदाबाद या शहरांतील स्थावर मिळकतीवर शेंकडा दहा कर बसविला. येथें पारशी समाजाला दुसरा फटका बसला. मुंबईंतल्या जुन्या चाळी, बंगले, इमारती पुष्कळ पारशांच्या. त्यांच्या धर्मादाय संस्थांचें उत्पन्नही घरभाड्यांतून येणारें. दुकान बंद पडलें त्याचें नुकसान, आणि त्या नुकसानीची सरकारी भरपाईही पुन्हां आपल्याच खिशांतून, अशी ही तऱ्हा झाली. सर बैरामजी जीजीभाई यांनीं या कराविरुद्ध उच्च न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयानें कर कायदेशीर ठरविला.

समाजांत डॉक्टरांवर टीका होत असतां गांधीजींनीं १९३९ सालीं ‘हरिजन’ पत्रांतून पारशी मित्रांना उद्देशून लिहिलें. पारशांचा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नव्हता. घरीं बेताची घेणारा सभ्य माणूस आणि पिठ्यावर मजुरी उधळणारा यांना एकाच कायद्यानें बांधावें काय? पिढीजात धंदा सरकारच्याच परवान्यानें चालत आला असतां तो एका दिवसांत बुडवून त्या कुटुंबांनीं खावें काय? पहिल्या प्रश्नाला मंत्रिमंडळाजवळ उत्तर होतें : श्रीमंताला पेला ठेवून गरिबाचा पेला काढून घेणारा कायदा गरीब मानणार नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र लंगडें पडलें, हें मान्य केलें पाहिजे. धंदा गेलेल्यांना दुसरा धंदा मिळवून देण्याची तजवीज बंदीच्या तोडीची झाली नाहीं. आणि घाईचें दुसरें फळ असें कीं, मंत्रिमंडळानें १८७८ चा अबकारी कायदाच कामाला लावला, नवा सर्वांगीण कायदा केला नाहीं. महायुद्ध सुरू होऊन नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि १९४० सालीं उच्च न्यायालयानें दारू जवळ बाळगण्यास मनाई करणारा सरकारी हुकूम त्या जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा म्हणून रद्द ठरविला. इमारत उभी राहिली होती, पण पाया दुसऱ्याच घराचा होता.

ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीनंतर डॉ. गिल्डर येरवड्याच्या तुरुंगांत होते. गांधीजींना पुण्याच्या आगाखान महालांत ठेविलें होतें. ९ ऑगस्टला अटक झाली आणि १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेंच हृदयक्रिया बंद पडून वारले. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं गांधीजींनीं २१ दिवसांचें उपोषण आरंभिलें, तेव्हां सरकारनें डॉ. गिल्डर यांना येरवड्याहून महालांत आणलें. एका बंद्यानें दुसऱ्या बंद्याची नाडी पाहावी, असा तो योग होता.

उपोषणांत शरीराचें काय होतें तें थोडक्यांत असें : यकृतांत सांठलेली साखर दिवसादीड दिवसांत संपते, मग शरीर आपली चरबी जाळूं लागतें, आणि त्या ज्वलनांतून आम्लद्रव्यें रक्तांत उतरतात. तीं मूत्रावाटें धुऊन जावयाचीं तर पाणी भरपूर पोटांत गेलें पाहिजे. गांधीजींचें वय तेव्हां ७३ वर्षांचें. मळमळीमुळें त्यांना पाणीच जाईना. मूत्रपिंडें मंदावलीं, रक्तांतील विष वाढूं लागलें. २१ फेब्रुवारीला नाडी लागेनाशी झाली. तेव्हां पाणी पोटांत ठरावें एवढ्यासाठीं त्यांत मोसंब्याचा थोडा रस घालण्यांत आला, आणि प्रकृति हळूहळू सांवरली. शक्तीप्रमाणें उपोषण करावयाचें, पाणी पिण्याजोगें करण्यापुरता फळांचा रस घ्यावयाचा, असें त्यांनीं आरंभींच सांगून ठेविलें होतें. म्हणून व्रत मोडलें असें झालें नाहीं.

या दिवसांत जें प्रकृतिपत्रक निघे त्यावर सहा डॉक्टरांच्या सह्या असत. सर्जन-जनरल कँडी, कर्नल भांडारी व कर्नल शहा हे तिघे सरकारचे, डॉ. रॉय, डॉ. सुशीला नायर आणि डॉ. गिल्डर हे तिघे रोग्याच्या बाजूचे. त्या चार ओळींच्या पत्रकावर साऱ्या देशाचा जीव टांगलेला असे. पत्रकांत भीति वाढवून लिहावी तर सरकार म्हणणार कीं हें राजकारण आहे; कमी करून लिहावी तर लोक फसतील. व्हाइसरॉयांनीं उपोषणालाच राजकीय दडपण ठरविलें होतें. व्हाइसरॉयांच्या मंडळांतून सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपले लोकनायक बापूजी अणे या तिघांनीं १७ फेब्रुवारीला राजीनामे दिले. त्यांतही एक पारशी आणि एक महाराष्ट्रीय होते, हें सहज लक्षांत येतें. डॉक्टरांना राजीनामा देण्याची मोकळीक नव्हती. सहा जणांचें एकमत होईल एवढेंच, पण तेवढें खरें, लिहावयाचें हें त्यांचें काम. मंत्रिपदापेक्षां हें अधिक अवघड असावें. ३ मार्चला उपोषण सुटलें. मरणाची तयारी म्हणून सरकारनें चंदनाचीं लांकडें आणून ठेविलीं होतीं, तीं तशींच राहिलीं.

तीं वर्षभरानें उपयोगांत आलीं. डॉ. गिल्डर यांना उपोषणानंतर महालांतच ठेविलें होतें, आणि डिसेंबर १९४३ पासून कस्तुरबांना हृदयाच्या दुखण्याचे झटके येऊं लागले. हृदयरोगांचा नामांकित वैद्य खोलीपलीकडे, पण हवें तें माणूस, हवें तें साधन मागावयाचें तर सरकारकडे अर्ज! सल्ल्यासाठीं डॉ. जीवराज मेहता व डॉ. रॉय यांना बोलवावें म्हणून डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नायर यांना लेखी मागणी करावी लागली. वैद्य शिव शर्मा यांचे आयुर्वेदाचे उपचारही कांहीं दिवस झाले; विलायती पदवीच्या डॉक्टरानें त्यांना वाट करून दिली, यांत त्याचा मोठेपणा दिसतो. शेवटीं पेनिसिलीन हें त्या वेळीं अगदीं नवें व दुर्मिळ औषध कलकत्त्याहून विमानानें आलें. देवदासभाईंची इच्छा तें द्यावें अशी होती; गांधीजींनीं मरणोन्मुख शरीराला सुया टोंचूं नयेत म्हणून त्यांचें मन वळविलें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीला, कस्तुरबांनीं देह ठेविला. एप्रिलांत गांधीजी हिंवतापानें आजारी पडले, आणि ६ मे रोजीं त्यांची व सोबतच्या मंडळींची सुटका झाली.

१९४६ सालीं खेर पुन्हां मुख्यमंत्री झाले व डॉ. गिल्डर पुन्हां आरोग्यमंत्री झाले. त्या मंत्रिमंडळांत ठाणें जिल्ह्याचे गोविंद धर्माजी वर्तकही होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत लाखभर सिंधी निर्वासित येऊन पडले. पाणी थोडें, शौचकूप थोडे, माणसें अफाट. अशा ठिकाणीं साथ कशी आवरावयाची, हा प्रांताच्या आरोग्यखात्यापुढचा प्रश्न होता. ती छावणी १९४९ पासून उल्हासनगर या नांवानें ओळखली जाते.

१९४९ सालींच मुंबई दारूबंदी कायदा आला. या खेपेस पाया नवा व रुंद घातला होता. प्रकृतीच्या कारणासाठीं परवाना देण्याची सोयही त्यांत होती. त्याला न्यायालयांत आव्हान देणारे पहिले प्रसिद्ध गृहस्थ एफ. एन. बलसारा हेही पारशीच. व्हिस्की, ब्रँडी यांपासून औषधी मद्य आणि कोलनवॉटर यांपर्यंत सर्व वस्तु जवळ बाळगण्याचा आपला हक्क आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा मुख्यतः उचलून धरला. मद्यार्क असलेलीं औषधें व प्रसाधनें मात्र बंदींतून सोडविलीं. मोठा लढा अखेर औषधाच्या बाटलीपाशीं येऊन मिटला. १९५२ सालीं राज्यसभा स्थापन झाली तेव्हां डॉ. गिल्डर मुंबई राज्यातर्फे तिचे सभासद झाले.

कायद्याची गोष्ट तेथें संपत नाहीं. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं आणि हा एकच कायदा दोघांच्या वांट्याला आला. गुजरातनें बंदी कायम ठेविली. महाराष्ट्रानें ती पुढील दहा-बारा वर्षांत सैल करीत आणली. तरी पिणाऱ्याजवळ परवाना असावा हा नियम कागदावर राहिलाच, आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें दुकानांतून बाटली घेऊन जाणाऱ्या सद्‌गृहस्थांपैकीं किती जणांजवळ तो असतो, हें विचारण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. राज्यांची वाटणी होतांना जुन्या ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांवचा भाग गुजरातेंत गेला, आणि तलासरी-डहाणू महाराष्ट्रांत राहून २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत गेलीं. देवीची लाट ज्या वारली पाड्यांवरून गेली ते पाडे आतां सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत. अलीकडे परवान्याचें दुकान उघडें असतें, पलीकडे तोच व्यवहार गुन्हा आहे, आणि मोहाचीं झाडें दोन्हीकडे चैत्रांत फुलें गाळतात.